लीज, बोअर, म्हैस, बस्ता: घरचा निर्णय घेताना हिशेब कोणत्या क्रमाने मांडावा

बेळगावात घर शोधायला निघालात की दोन-चार दिवसांत कुणीतरी भेटतं आणि सांगतं, "भाडं भरून काय मिळतंय? लीजवर घ्या, पैसे जसेच्या तसे परत मिळतात की." पाच-सहा लाख एकरकमी द्यायचे, तीन वर्षं बिनभाड्याने राहायचं, घर सोडताना रक्कम परत घ्यायची. ऐकायला फुकटच वाटतं. टिळकवाडीपासून वडगाव-अनगोळपर्यंत कितीतरी घरं अशी दिली जातात, आणि घेणाऱ्यांत बँकेत, शाळेत, कारखान्यात नोकरी करणारी, बेरीज-वजाबाकी उत्तम येणारी माणसं असतात. तरी हिशेब चुकतो. कारण मन आधी ठरलेलं असतं, आकडे त्याच्या मागून गोळा केले जातात. जो पैसा केव्हाच गेला तो मोजला जातो आणि ज्याचं बिल कुणी पाठवत नाही तो मोजायचा राहतो.

खाली दिलेला क्रम घराला लागू पडतो, तसाच बोअरला, म्हशीला, मुलाच्या कॉलेजला आणि उसाच्या कारखान्यालाही. क्रम मात्र मोडू नका. चौथी पायरी तिसरीच्या आधी केली तर उत्तर चुकतंच. भाव आणि दर जिथे मी 'धरा' म्हणून दिलेत तिथे तुमच्याकडचे आकडे घाला.

आधीची तयारी

एक वही आणि अर्धा तास. शिवाय पुढची कागदपत्रं समोर हवीत: पासबुक, चालू कर्जांचे हप्ते, हातउसन्या रकमांची यादी आणि हेस्कॉमची (वीज कंपनीची) गेल्या तीन-चार महिन्यांची बिलं. बिल कानडीत असेल आणि वाचता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून 'वापरलेले युनिट' आणि 'भरायची रक्कम' या दोन ओळी कुठे असतात ते एकदा बघून ठेवा.

मग वहीच्या पहिल्या पानावर दोन आकडे लिहा. पुढे सगळीकडे हेच लागणार आहेत.

पहिला आकडा, तुमचा व्याजदर. डोक्यावर कर्ज असेल तर त्यातलं सगळ्यात महाग कर्ज ज्या दराचं, तो तुमचा दर. महिन्याला शेकडा दोनने कुणाकडून घेतले असतील तर वर्षाला २४ टक्के. कर्ज काहीच नसेल तर मुदत ठेवीवर जे व्याज मिळतं तो तुमचा दर. इथे ७ टक्के धरू. एकाच गल्लीतल्या दोन घरांचे दर वेगळे निघतात, म्हणून शेजाऱ्याचा निर्णय तुम्हाला लागू पडत नाही.

दुसरा आकडा, तासाचा दर. उद्यमबागेत फाउंड्रीत असाल तर ओव्हरटाइमला जे मिळतं ते. शेतात जाणारी बाई असेल तर रोजगार भागिले तास. ज्या तासाला खरोखरच गिऱ्हाईक नाही, त्याचा दर कमी लिहा. पण शून्य लिहू नका.

*सावध:* घरातल्या बाईच्या तासापुढे शून्य लिहिलेला हिशेब मी बरेचदा पाहिला आहे. असा हिशेब बाद समजा, बाकीचे आकडे कितीही नीट असोत.

१. प्रश्न एका ओळीत, तारखेसकट

'घराचं काय करायचं?' हा प्रश्न नव्हे. 'जून महिन्यापासून तीन वर्षं राहायला कोणतं घर घ्यायचं आणि त्यासाठी काय पद्धतीने पैसे द्यायचे?' हा प्रश्न. काय ठरवायचं, कधीपर्यंत, आणि किती काळासाठी, या तीन गोष्टी त्या ओळीत हव्यात.

काळ सगळ्यात महत्त्वाचा. एक वर्षाच्या मुक्कामाला जे स्वस्त ते पाच वर्षांना महाग असू शकतं.

२. पर्याय लिहा, किमान तीन

किंमत विचारायला जाण्याआधी पर्याय लिहा. एकदा एखादं घर डोळ्यात भरलं की बाकीचे पर्याय वहीत नावापुरते उरतात.

दोनच पर्याय सुचत असतील तर तिसरा बहुधा 'आहे तसंच चालू ठेवणं' हा असतो. येळ्ळूरला स्वतःचं घर आहे, नोकरी बेळगावात आहे. मग पर्याय लीज की भाडं एवढेच नाहीत, येळ्ळूरहून रोज ये-जा हाही आहे. तो नको असेल तर नको, पण वहीत यायला हवा. बाकी दोघांची तुलना त्याच्याशीच करायची असते.

सीमाभागात आणखी एक गोष्ट विसरली जाते: रेषेपलीकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला पर्याय. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जाणाऱ्या मुलांचे पालक केसीईटीच्या (कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेच्या) यादीत अडकतात. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मुलांना महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वेगळ्या प्रकारात अर्ज करता येतो. त्यासाठी गाव त्या यादीत असल्याचा दाखला लागतो आणि तो ऐनवेळी मिळत नाही. पुढे कोल्हापूर निवडायचं की बेळगाव, ते नंतर बघता येईल. दाखला मात्र आधी काढून ठेवा. पर्याय हातात ठेवायला खर्च थोडा येतो, गमावल्यावर तो परत मिळत नाही.

उलटही होतं. रेषेपलीकडचं ते स्वस्त, असा समज असतो. लग्नाचा बस्ता कोल्हापूरला बांधायचा तर गाडीने येऊनजाऊन साधारण २२० किलोमीटर, लिटरला १५ चा अॅव्हरेज धरला तर पंधरा लिटर पेट्रोल, हत्तरगी आणि कोगनोळीचे टोल, पाच माणसांचं जेवण आणि अख्खा दिवस. चाळीस-पन्नास हजारांच्या खरेदीत हे निघूनही येईल. नंतर 'ब्लाऊजपीस राहिला' म्हणून पुन्हा जाणं मात्र बेळगावच्या खडेबाजारातल्या कुठल्याही भावापेक्षा महाग पडतं.

*तपासा:* प्रत्येक पर्यायासमोर 'हा घेतला तर दुसरं काय सोडावं लागेल?' याचं उत्तर लिहिता येतंय का? येत नसेल तर तो पर्याय अजून नीट मांडलेला नाही.

३. गेलेला पैसा खोडा

ही पायरी अवघड आहे, कारण इथे आकड्यांपेक्षा अभिमान आड येतो.

अथणी-रायबागकडच्या कोरड्या पट्ट्यात बोअर मारताना काय होतं ते बघा. तीनशे फूट झाले, पाणी नाही. मशीनवाला म्हणतो, अजून शंभर मारू. घरधनी म्हणतो, "एवढे घातलेत, आता मागं कुठं सरायचं?" आणि शंभर फूट आणखी. त्यानंतर पुन्हा शंभर.

यातला 'एवढे घातलेत' हा आकडा वहीतून खोडून टाकायचा. तो पैसा आता थांबलात तरी गेला आणि पुढे गेलात तरी गेला. दोन्हीकडे सारखाच असलेला आकडा निर्णयात धरायचा नसतो. उरणारा प्रश्न छोटा आहे: पुढच्या शंभर फुटांना किती लागतील, आणि तिथे पाणी लागण्याची शक्यता किती?

पहिल्या आकड्याचं उत्तर मशीनवाल्याकडे आहे, आणि ते आधीच्या शंभर फुटांपेक्षा जास्त असणार, कारण खोलीनुसार फुटाचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. दुसऱ्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. काळ्या पाषाणात पाणी खडकाच्या भेगांमध्ये असतं आणि खोल जावं तशा भेगा साधारणपणे विरळ होतात. म्हणजे पुढचा फूट महागही आणि रिकामा जाण्याची भीतीही जास्त. शिवारातल्या शेजारच्या पाच-सहा बोअरना किती फुटांवर पाणी लागलं ते मशीन येण्याआधी विचारून लिहून ठेवा. सगळ्यांना दोनशेच्या आत लागलं असेल तर चारशेला थांबायला कुणाचा सल्ला लागत नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे 'साडेतीनशेला थांबायचं' हे मशीन उभं करण्याआधी ठरवा आणि घरात चारजणांना सांगून ठेवा. रात्री अकरा वाजता, मशीन धडधडत असताना, चहा घेत ठरवलेली खोली कधीच कमी निघत नाही.

हेच बाकीकडेही होतं. खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) राखायचा की मोडायचा हे ठरवताना लागणीचा खर्च धरायचा नाही. इंजिनवर वीस हजार घातलेली जुनी गाडी पुन्हा गॅरेजात गेली की ते वीस हजार धरायचे नाहीत. अर्धवट सोडलेल्या कोर्सची फी धरायची नाही.

*सावध:* खोडायचा तो गेलेला पैसा. ज्याचा काही भाग अजून परत येऊ शकतो तो गेलेला नव्हे. जुन्या मोटारीला भंगारात जे मिळेल ते वहीत राहू द्या.

४. बिल न येणारा खर्च लिहा

आता लीजकडे परत येऊ. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला संधी खर्च म्हणतात: एक गोष्ट निवडल्यामुळे हातची गेलेली दुसरी गोष्ट. त्याची पावती मिळत नाही, म्हणून तो दिसत नाही.

उदाहरण असं धरा. लीज ६ लाख, तीन वर्षं, भाडं नाही. तशाच घराचं महिन्याचं भाडं ६,००० आणि डिपॉझिट ५०,०००.

पैसे तुमच्याच मुदत ठेवीतले असतील तर ६ लाखांवरचं ७ टक्के व्याज वर्षाला ४२,००० होतं, म्हणजे महिन्याला ३,५००. हे तुमच्या लीजच्या घराचं खरं भाडं. भाड्याच्या घराला ६,००० अधिक डिपॉझिटवरचं बुडालेलं व्याज सुमारे २९२, म्हणजे ६,२९२. लीज महिन्याला २,८०० च्या आसपास स्वस्त. घ्या.

पण ठेवीतले २ लाखच आहेत आणि ४ लाख बँकेकडून १३ टक्क्यांनी काढावे लागले तर? ठेवीचे १४,००० आणि कर्जाचे ५२,०००, मिळून वर्षाला ६६,०००, महिन्याला ५,५००. फरक आता जेमतेम आठशेचा. त्यात कर्जाची फी आणि करारपत्राचा खर्च घातला की जवळपास बरोबरी.

आणि ते ४ लाख शेकडा दोनने उचलले असतील तर व्याजच ९६,०००. ठेवीचे १४,००० मिळवून १ लाख १० हजार. महिन्याला ९,१६७ रुपये. सहा हजारांचं घर सोडून नऊ हजारांच्या घरात राहायचं आणि वर सांगायचं, 'भाडं नाही आमच्याकडे!'

घर तेच, घरमालक तोच. पैसा कुठून आला त्यावर उत्तर उलटतं. म्हणून तयारीत तुमचा व्याजदर आधी लिहायला सांगितला. भाड्याच्या बाजूला अकरा महिन्यांनी होणारी वाढही घाला. बोलणी करतानाच ती किती असेल ते ठरवून घ्या.

दुसरं उदाहरण म्हशीचं, कारण तिथे बिल न येणारी गोष्ट पैसा नसून वेळ असते. बेळगाव आणि खानापूर तालुक्यात घरोघरी हा विचार होतो: दूध विकून घरखर्च निघेल.

धरा, म्हैस दिवसाला ६ लिटर देते, लिटरला ४५ मिळतात. म्हणजे २७०. पेंड, चारा, औषध मिळून दीडशे. रोज १२० शिल्लक. ही शिल्लक बहुतेक जण तीसने गुणतात आणि थांबतात. पण म्हैस बाराही महिने दूध देत नाही. २७० दिवस दुधाचे धरले तर शिल्लक ३२,४००. भाकड काळाचे ९५ दिवस नुसतं खाणं, रोज ८० धरलं तरी ७,६००. वर्षाची खरी शिल्लक २४,८००. आता वेळ: शेण काढणं, धुणं, चारा आणणं, धार, दूध पोचवणं, दिवसाला तीन तास. वर्षाला १,०९५ तास. भागाकार केला की तासाला साधारण २३ रुपये.

आणि म्हैस विकत घेतलेल्या रकमेचं व्याज अजून वजा केलेलंच नाही. शेणखत आणि रेडकू यांची किंमत दुसऱ्या बाजूला घाला. बागायत असेल तर शेणखत लहान रक्कम नसते.

म्हणून म्हैस पाळू नये असं नाही. घरात लहान मूल आहे, बाहेर रोजगाराला जाता येत नाही, तिथे २३ रुपयेही बरे. पण त्या बाईला शिलाईचं काम मिळत असेल, तर तासामागे ती किती सोडते आहे ते घरातल्या पुरुषांनी एकदा वहीत बघावं.

फुकट बसचंही असंच आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसने तिकीट लागत नाही. तिकीट नाही म्हणून खेड्यावरून रोज शहरात नोकरी, हा हिशेब चांगलाच आहे. फक्त सीबीटीवर (बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर) दुसऱ्या बसची वाट बघण्यात जाणारा तास त्यात घाला.

*तपासा:* 'फुकट', 'घरचंच आहे', 'असंही पडूनच होतं' हे शब्द वहीत कुठे आलेत का? आले असतील तिथे एक आकडा लिहायचा राहिला आहे.

५. सगळा नको, पुढचा तुकडा मोजा

निर्णय बहुधा 'वापरायचं की नाही' असा नसतो, 'आणखी थोडं वापरायचं का' असा असतो. त्या आणखी थोड्याची किंमत सरासरीपेक्षा फार वेगळी असू शकते. याचं घरात लटकलेलं उदाहरण म्हणजे विजेचा मीटर.

कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत वीज सरसकट २०० युनिट फुकट आहे, असा समज आहे. तसं नाही. २०२२-२३ मधला तुमचा महिन्याचा सरासरी वापर हा पाया. त्यावर थोडे युनिट जादा मिळतात, इथे १० धरू. तेवढा तुमचा हक्क. हक्काच्या वर पण २०० च्या आत राहिलात तर वरच्या युनिटचे पैसे. २०० ओलांडले की सगळं बिल तुमच्यावर.

समजा सरासरी ११० होती, हक्क १२०. युनिटला ६ रुपये धरा, बाकी आकार सोडून द्या.

वापर १५० झाला तर ३० युनिटचे १८० रुपये. वापर २०० झाला तर ८० युनिटचे ४८०. वापर २०१ झाला तर सगळ्या २०१ चे, म्हणजे १,२०६. शेवटचा एक युनिट ७२६ रुपयांना पडला.

या घराने करायचं काय? एप्रिल-मेमध्ये, जेव्हा कूलर चालतो, तेव्हा दर आठवड्याला मीटर वाचायचा. रीडिंग घेणारा ज्या तारखेला येतो ती लिहून ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात १७० वर असाल तर गिझर आणि इस्त्रीवर हात आखडायचा. आणि १४० वर असाल तर उगाच अंधारात बसायचं नाही. तिथे एक युनिट सहाच रुपयांना आहे. २६० पर्यंत जाणारच असेल तर २०० च्या खाली आणण्याची धडपडही व्यर्थ. काटकसर फक्त उंबरठ्याजवळ कामाची.

*सावध:* घर बदललंत तर जुन्या मीटरवरून आधार काढून नव्याला जोडावा लागतो. लीज-भाड्याच्या तुलनेत हे काम कुणी धरत नाही.

मुलाच्या कॉलेजचा हिशेबही तुकड्याचाच. कोल्हापूरच्या मेसचे महिन्याला साडेतीन हजार लिहून पालक घाबरतात. तो घरी असता तर जेवलाच असता. ते दोन हजार धरले तर जादा खर्च दीड हजार. उलट, बेळगावात राहिला तर गाडी आणि पेट्रोल लागणार असेल तर ते घरच्या पर्यायात लिहा.

पेट्रोलचं दोन ओळींत सांगतो. रेषेपलीकडे-अलीकडे लिटरला दोन रुपयांचा फरक असला आणि दुचाकीत पाच लिटर भरायचं असलं तर दहा रुपये वाचतात. त्यासाठी दहा किलोमीटर वाकडी वाट केली की वीस-बावीस रुपयांचं पेट्रोल जळतं. वाटेवरच पंप असेल तर भरा, नाहीतर सोडा.

६. आजचा रुपया आणि नंतरचा रुपया

इथे तयारीतला व्याजदर पुन्हा लागतो.

उसाचं घ्या. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी (कारखान्याने द्यायचा किमान दर) ठरवली. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते, म्हणून गावात बोलला जाणारा दर आणि हातात पडणारा दर यांत फरक असतो. चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याला अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन्ही कारखाने असतात, आणि तुलना करताना नुसता जाहीर दर बघितला जातो. दोन गोष्टी विचारा: सगळं वजा जाऊन हातात किती, आणि कधी?

एक कारखाना हातात ३,३०० देतो, चौदा दिवसांत. दुसरा ३,४०० देतो, पण तीन महिन्यांनी. अंतर अडीच महिन्यांचं. तुमच्यावर शेकडा दोनचं कर्ज असेल तर अडीच महिन्यांत ३,३०० वर १६५ रुपये व्याज चढतं. शंभर जास्त देणारा कारखाना ६५ रुपयांनी तोट्याचा. कर्ज नसेल आणि पैसे ७ टक्क्यांच्या ठेवीतच जाणार असतील तर व्याज ४८ रुपये. थांबणारा ५२ रुपयांनी फायद्यात. बांधाला बांध लागलेल्या दोन शेतकऱ्यांची उत्तरं वेगळी, दोन्ही बरोबर.

कायद्याने चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागू होतं. ते न मागता कुणी आणून देईल असं मात्र धरू नका. हिशेबात ते शून्य ठेवा.

कर्ज घेताना 'शेकडा एक' ऐकलं की सगळीकडे सारखंच वाटतं. तसं नसतं. ५० हजार, बारा महिने, शेकडा एक. मूळ रकमेवर सरसकट व्याज लावणारा बारा महिन्यांत ६,००० घेतो, हप्ता ४,६६७. उरलेल्या रकमेवर व्याज लावणारा हप्ता ४,४४२ ठेवतो आणि व्याज ३,३०९ होतं. पहिल्याचा खरा दर वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जातो, कारण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि तो व्याज पूर्ण ५० हजारांवरच मोजत असतो. म्हणून दर विचारू नका. 'हप्ता किती, किती महिने, आणि आज हातात नेमके किती?' एवढं विचारा. फी कापून ४८ हजारच देणार असेल तर ते तिसऱ्या प्रश्नात बाहेर येतं.

*तपासा:* प्रत्येक रकमेसमोर महिना लिहिलाय का?

७. सांगणाऱ्याला काय मिळतं, आणि बिघडलं तर काय

घर दाखवणारा एजंट, बोअर मशीनवाला, उधारीवर खत देणारा दुकानदार, विमा विकणारा पाहुणा: यांच्यापैकी कुणी खोटं बोलतो असं नाही. पण त्याची कमाई तुमच्या कोणत्या उत्तरावर अवलंबून आहे ते वहीत लिहा. मशीनवाल्याला फुटावर पैसे मिळतात, पाण्यावर नाही. एजंटला घर ठरल्यावर मिळतात, तुम्ही तीन वर्षं सुखात राहिल्यावर नाही. त्यांच्याकडून माहिती घ्या, सल्ला घेऊ नका.

मग बिघाडाचा विचार. लीजमध्ये सगळ्यात मोठा धोका व्याजाचा नाही, मुद्दलाचा आहे. म्हणून पैसे देण्याआधी:

घराचा उतारा आणि ईसी (बोजाचा दाखला) बघा. ईसीत नोंदलेला बोजा दिसतो. शिवाय मूळ कागद डोळ्यांनी बघायला मागा. 'कागद बँकेत आहेत' असं उत्तर आलं तर घरावर कर्ज आहे, आणि हप्ते थकले तर बँक तुमच्या आधी उभी राहील.

एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणी केल्याशिवाय पक्का होत नाही. बरेच घरमालक अकरा महिन्यांचा कागद करून दरवेळी नवा करू म्हणतात. सहा लाख तीन वर्षांसाठी आणि कागद अकरा महिन्यांचा, हे जुळत नाही. नोंदणीचा खर्च तुलनेत घाला, तरीही लीज स्वस्त पडत असेल तर घ्या.

पैसे बँकेतून द्या आणि करारात व्यवहाराचा क्रमांक घाला. करार कानडीत असेल तर सही करण्याआधी तुमच्या बाजूच्या माणसाकडून ओळीओळीने वाचून घ्या. त्याला पाचशे रुपये द्यावे लागले तरी द्या. घरमालकाच्या माणसाने वाचून दाखवणं म्हणजे वाचून घेणं नव्हे.

बोअर, म्हैस, नवा धंदा यांत एकच कसोटी लावा: सगळं बुडालं तर पुढच्या सहा महिन्यांत घरात काय बंद करावं लागेल? शाळेची फी किंवा औषध असं उत्तर आलं तर सरासरी फायदा कितीही दिसो, रक्कम कमी करा.

८. ठरवा आणि तारीख टाका

आता पर्यायांच्या खाली शेवटचे आकडे येतील. फरक मोठा असेल तर स्वस्त ते घ्या. फरक महिन्याला तीन-चारशेचा असेल तर आकड्यांकडे बघणं सोडा आणि जे घरातल्यांना आवडतं ते घ्या. सासूबाईंना जिने चढवत नाहीत, मुलीची शाळा जवळ पडते, ही कारणं तेवढ्या पैशांपेक्षा मोठी आहेत. तीनशे रुपयांसाठी महिनाभर घरं बघत फिरणंही महागच.

काय ठरवलं, का ठरवलं, आणि कोणत्या आकड्यावर ते उभं आहे हे दोन-तीन ओळींत लिहा. 'व्याज ७ टक्के धरलं' किंवा 'दूध ६ लिटर धरलं'. तो आकडा बदलला की निर्णय पुन्हा उघडायचा, एरवी नाही. खाली फेरतपासणीची तारीख टाका. म्हशीला भाकड काळ संपल्यावरची, विजेला उन्हाळ्याआधीची. लीजला मुदत संपण्याच्या चार महिने आधीची, कारण तुमचे सहा लाख घरमालकाने बहुधा केव्हाच वापरलेले असतात आणि ते त्याला नव्या भाडेकरूकडून उभे करायचे असतात. घर सोडणार असल्याचं त्याच दिवशी लेखी कळवा, आणि त्या कागदाच्या प्रतीवर त्याची सही घ्या.